वहिनींची वही

रोटरी सभासदांच्या घरच्या बायकांनी सुरू केलेल्या इनर व्हील क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्षपदाची कॉलर एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. सेक्रेटरी, खजिनदार, एडिटर, आंतरराष्ट्रीय सेवेचं काम पाहणारी आयएसओ, सगळ्या बदलतात. दर वर्षी नव्या बाईला संधी मिळावी म्हणून पाडलेली ही रीत चांगलीच आहे. चार माणसांसमोर कधी तोंड न उघडलेल्या कितीतरी जणी त्या एका वर्षात माईकवर बोलायला शिकल्या, क्लबच्या खात्यावर सही करायला शिकल्या, सरकारी कचेरीत खुर्चीवर बसून काम सांगायला शिकल्या. पण याच रीतीमुळे क्लबची आठवण तोकडी होते. नव्या टीमला नवे प्रोजेक्ट हवे असतात. जुन्या फायली पिशवीत भरून दिल्या जातात आणि पिशवी माळ्यावर जाते.

अशा ठिकाणी एखादी सभासद वारली की काय होतं? पुढच्या मीटिंगला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं, दुखवट्याचा ठराव करायचा, बुलेटिनमध्ये चौकटीत फोटो छापायचा. फोटोखाली ठरलेले शब्द येतात: मनमिळाऊ, हसतमुख, सुगरण, सदैव तत्पर. वर्षभरानं तेच शब्द दुसऱ्या फोटोखाली येतात.

कृष्णाकाठच्या एका शहरातल्या अशाच एका क्लबमध्ये हे शब्द पुरेनासे झाले, त्याला दोन संकटं कारण झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला. सांगली-कोल्हापूर भागातली घरं, दुकानं, दवाखाने कित्येक दिवस पाण्यात होते. क्लबला स्वतःचं ऑफिस कधीच नव्हतं. इतिवृत्ताच्या वह्या, अल्बम आणि बुलेटिनचे गठ्ठे असलेलं लोखंडी कपाट एका सभासदाच्या घरी तळमजल्यावर होतं. पाणी ओसरल्यावर ते उघडलं तेव्हा आत गाळ होता. शाईपेननं लिहिलेली पानं निळ्या डागांची झाली होती, अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटून बसले होते. बॉलपेननं लिहिलेलं तेवढं कुठेकुठे वाचता येत होतं. क्लबच्या सुरुवातीच्या वर्षांचे कागद जवळजवळ सगळे गेले.

तेव्हा फार हळहळ झाली नाही. घरं उभी करायची घाई होती, आणि ती वर्षं स्वतः पाहिलेल्या बायका अजून होत्या. त्यांना विचारून लिहून काढू, असं सगळ्यांच्या मनात होतं. मग २०२० आलं, २०२१ आलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ज्यांना विचारायचं होतं त्यांच्यातल्याच काही जणी गेल्या. त्यांना शेवटचं पाहायला कोणाला जाता आलं नाही. स्तब्धतेची दोन मिनिटं मोबाइलच्या पडद्यावर पाळली गेली आणि त्या दोन मिनिटांत कोणाच्या तरी घरच्या कुकरची शिट्टी वाजत राहिली.

त्यानंतर क्लबनं स्मरणिका काढायचं ठरवलं आणि दिवंगत सभासदांचं पान एका माजी सेक्रेटरींकडे सोपवलं. सेक्रेटरीबाईंची नोकरी बँकेत झालेली. व्हाउचरशिवाय एंट्री नाही, ही सवय हाडात मुरलेली. त्यांनी पहिल्यांदा यादी मागितली तेव्हा त्यांच्या हातात आला तो कागद पाहून त्या अस्वस्थ झाल्या. यादीत नवऱ्याची आद्याक्षरं होती, आडनावं होती, ‘सौ. डॉक्टर अमुक’, ‘सौ. वकील तमुक’ अशा नोंदी होत्या. एकाच आडनावाच्या दोघी-तिघी होत्या आणि त्यांच्यातली कोण कोणती हे सांगता येत नव्हतं. चाळीस-चाळीस वर्षं एकमेकींच्या घरी ऊठबस असलेल्या या बायका एकमेकींना फक्त ‘वहिनी’ म्हणत आल्या होत्या. नवरे रोटरीत मित्र, म्हणून मित्राची बायको ती वहिनी. प्रेमाचा शब्द, पण त्या प्रेमात पाळण्यातलं नाव हरवून गेलं.

हे एकट्या त्या क्लबचं नाही. १५ नोव्हेंबर १९२३ रोजी मँचेस्टरला एका टर्किश बाथच्या इमारतीत रोटरी सभासदांच्या घरच्या २७ बायका जमल्या. त्यांना बोलावणारी बाई वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावची, १८८१ सालच्या जन्माची, नर्सचं शिक्षण घेतलेली. नवऱ्यांच्या कार्यक्रमाला नटून जाण्याऐवजी आपण स्वतःच काही काम का करू नये, हा त्या बैठकीचा विषय. १० जानेवारी १९२४ ला क्लबची रीतसर सुरुवात झाली आणि तोच दिवस आज जगभर इनर व्हील दिन म्हणून पाळतात. त्या बाईंची नोंद जुन्या कागदांत ‘मिसेस ऑलिव्हर गोल्डिंग’ अशी आहे. ऑलिव्हर हे यजमानांचं नाव. बाईंचं नाव मार्गारेट. १९३९ साली त्या वारल्या. आज संस्थेचा मानाचा पुरस्कार दिला जातो तो मात्र ‘मार्गारेट गोल्डिंग पुरस्कार’ या नावानं, आणि हे फार बरं झालं. भारतात पहिला क्लब १९५५ साली अहमदाबादला निघाला. तिथून ही चळवळ महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत आली, येताना नवऱ्याच्या नावानं नोंद करायची सवयही घेऊन आली.

सेक्रेटरीबाईंनी स्मरणिकेचं पान बाजूला ठेवलं आणि एक जाड, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही आणली. एका बाईला चार पानं. पहिल्या ओळीत तिचं स्वतःचं नाव, माहेरचं आडनाव, माहेरचं गाव, शिक्षण. त्याखाली तिनं क्लबसाठी नेमकं काय केलं आणि ते कसं केलं. ‘मनमिळाऊ’ आणि ‘हसतमुख’ या शब्दांना वहीत बंदी.

पहिल्या ओळीसाठीच किती खटपट! डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इनर व्हीलच्या विभागाच्या, जुन्या डिरेक्टऱ्या बाहेरगावच्या क्लबांकडून मिळवल्या. त्यांत रक्तगट होता, वाढदिवस होता, लग्नाचा वाढदिवस होता, शिक्षण नव्हतं. एक बाई एमएस्सी होत्या हे क्लबातल्या कोणालाच माहीत नव्हतं. त्यांचं नाव घेतलं की सगळ्यांना त्यांचे अनारसे आठवत. सेक्रेटरीबाईंना ते प्रमाणपत्र त्यांच्या मुलीनं काढून दाखवलं. क्लबच्या पाणी तपासणीच्या प्रोजेक्टमध्ये विहिरीच्या पाण्याचे नमुने कसे घ्यायचे, बाटली आधी कशी उकळून घ्यायची, हे याच बाई सगळ्यांना शिकवत होत्या असं मग एकीला आठवलं. शिकवत होत्या, पण त्यांना हे कुठून येतं, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

फोटोंची वर्षं ठरवायला मदत झाली ती साड्यांची. पदग्रहण समारंभाला दर वर्षी सगळ्यांनी एकसारखी साडी घ्यायची पद्धत होती. त्यामुळे ‘ही मोरपंखी नारायणपेठ माझ्या अध्यक्षपदाच्या वर्षी घेतली होती’ असं ऐंशीच्या घरातल्या एका बाईंनी क्षणात सांगितलं आणि मागे तारीख नसलेला फोटो जागेवर बसला. कागद गेले तरी साडी कोणी विसरत नाही. सेक्रेटरीबाई तरीही दुसरा पुरावा मागत. एकीनं सांगितलं तर दुसरीला विचारायचं, दोघींचं जुळलं तरच वहीत लिहायचं, जुळलं नाही तर दोन्ही लिहायचं. वयस्कर सभासदांना फोन करायची वेळ दुपारी चारनंतरची, वामकुक्षी आणि चहा झाल्यावर. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्याकडे जाऊनच बसावं लागे.

मृत्यूच्या तारखांची अडचण निराळीच होती. घरच्यांना विचारलं तर पुष्कळांचं उत्तर यायचं, ‘आम्ही अविधवा नवमीला करतो.’ पतीच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध भाद्रपद वद्य नवमीला करायची आपल्याकडची चाल. त्या दिवशी सवाष्ण जेवायला घालतात, तिची ओटी भरतात. घराला ती नवमी पक्की माहीत, पण बाई कोणत्या महिन्यात गेल्या हे मुलांनाही चटकन सांगता येईना. पतीच्या मागे जगलेल्या बायकांची आठवण सर्वपित्रीला, सगळ्यांच्या बरोबर. म्हणजे मरणानंतरही बाईची नोंद नवऱ्याच्या असण्या-नसण्यावर. सेक्रेटरीबाई स्वतः देवधर्म मानणाऱ्या. त्यांनी त्या रीतीला नावं ठेवली नाहीत. नगरपालिकेच्या दाखल्यावरून तारीख मिळवली आणि वहीत लिहिली. एका घरानं मात्र यातूनच एक गोष्ट सुरू केली. नवमीला एका सवाष्णीऐवजी ते शहरातल्या मुलींच्या वसतिगृहाला जेवण देतात आणि जेवणाआधी त्या बाईंनी काय काम केलं ते पाच मिनिटं सांगतात.

काम कसं केलं, हे लिहिताना वही खरी भरू लागली.

एक खजिनदार काकू होत्या. त्यांच्याविषयी पहिल्यांदा सगळ्यांनी शब्द जपून वापरत सांगितलं, ‘खूप शिस्तीच्या होत्या.’ जरा खोदल्यावर कळलं की त्या भांडायच्या. चहाच्या बिलावरून भांडायच्या, हारतुऱ्यांवरून भांडायच्या. प्रोजेक्टसाठी जमवलेल्या पैशातून पाहुण्यांची शाल आणायची नाही, यावरून त्यांनी एका अध्यक्षांशी दोन महिने अबोला धरला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची विसर्जनं करून लोक नुकते झोपले होते आणि लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावं दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. राज्यभरातून कपड्यांचे ढीग निघाले. या क्लबच्या दारातही ढीग लागला. काकूंनी ट्रक थांबवला. फाटकं, विटकं, बटण तुटलेलं सगळं बाजूला काढलं. प्रत्येक साडीबरोबर परकर आणि ब्लाउज आहे की नाही ते पाहिलं, नसलेले परकर रातोरात शिवून घेतले, एका बाईला लागेल ते सगळं एका गाठोड्यात बांधलं आणि वर चिठ्ठी लावली. आत सुई-दोरा आणि धुतलेल्या मऊ कापडाच्या घड्या घातल्या, कारण पाळी भूकंप पाहून थांबत नाही, असं त्या म्हणाल्याचं तिघींना आठवत होतं. ट्रक एक दिवस उशिरा निघाला आणि त्यावरूनही बोलणी झाली.

काकूंच्या पानावर हे सगळं आहे, भांडणांसकट. त्यांच्या मुलाला ते लिहिण्याआधी वाचून दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, आता ही आमची आई वाटते. भांडण वगळलं असतं तर काकूंचं गाठोडंही वगळल्यासारखं झालं असतं, कारण दोन्ही एकाच स्वभावातून आलं होतं. श्रद्धांजलीत माणसाची धार घासून गुळगुळीत करायची आपल्याला सवय आहे. त्या सवयीमुळे गेलेल्या माणसाला आपण आणखी एकदा घालवतो.

सगळीच घरं इतकी मोकळी नव्हती. एका घरानं काहीही लिहू नका असं सांगितलं. त्या पानावर फक्त नाव आणि सभासदत्वाची वर्षं आहेत. सेक्रेटरीबाईंनी कारण विचारलं नाही, आणि तेच योग्य होतं.

पोलिओच्या बाईंचं पान सर्वांत लांब झालं. देशात पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली सुरू झाली आणि रोटरीबरोबर इनर व्हीलच्या बायकाही बूथवर उभ्या राहिल्या. या बाई एसटी स्टँडवरचा बूथ घ्यायच्या. लसीचा डबा, बर्फाच्या पट्ट्या, डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण. बाटलीवरच्या गोलातला चौकोन गोलाइतका गडद झाला की ती लस द्यायची नाही, हे त्यांनी नव्या सभासदांकडून घोकून घेतलं होतं. पण त्यांचं खरं काम बूथ बंद झाल्यावर सुरू व्हायचं. लसीचे रविवार बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे ऐन गळीत हंगामात. बीड, नगरकडची ऊसतोड कुटुंबं तेव्हा कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहिलेली असतात. आईबाप पहाटे फडात जातात, पोरं त्यांच्याबरोबर किंवा पाचटाच्या कोपीत धाकट्याला सांभाळत. बूथवर ती येणार कशी? घरोघर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही दिवसा कोपी रिकामीच दिसणार.

बाईंनी मुकादमांची नावं मिळवली. कोणती टोळी कोणत्या फडावर आहे हे त्यांना विचारून त्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना घेऊन संध्याकाळी निघत, गाड्या भरून झाल्यावर, चुली पेटायच्या वेळी. ‘बाई, डोस कशाला, ताप येतो’ असं म्हणणाऱ्या आईशी वाद न घालता त्या तिथेच चुलीपाशी बसत, भाकरी होईपर्यंत बोलत. टोळी पुढच्या महिन्यात कुठे जाणार हे लिहून घेत आणि त्या भागातल्या क्लबला कळवत, म्हणजे पुढच्या डोसला तिथलं कोणी तरी त्या कोपीवर जाईल. हे करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. डिस्ट्रिक्टच्या रिपोर्टमध्ये फक्त बूथची संख्या लिहायची असे, त्यामुळे हे कुठे नोंदलंही गेलं नाही. नर्सबाई निवृत्त होऊन जवळच्याच गावात राहतात म्हणून सापडलं.

भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ ला भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. बाई या दोन तारखांच्या मध्ये गेल्या. प्रमाणपत्र मिळालं तेव्हा क्लबनं केक कापला, भाषणं झाली. त्या दिवशी त्यांचं नाव कोणी घेतलं का, हे सेक्रेटरीबाईंनी हजर असलेल्यांना विचारलं. कोणालाच आठवत नव्हतं.

काम कसं केलं याची नोंद राहिली तर किती वर्षांनी उपयोगी पडते, हे समजायला पुण्याच्या सेवासदनाकडे पाहावं. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी ही संस्था उभी केली. विधवा आणि निराधार बायकांना शिकवून नर्स करायचं, त्यांना ससून रुग्णालयात पाठवायचं, हे त्या काळात सांगायलाही जड होतं. रमाबाई येरवड्याच्या तुरुंगात बंदिवान बायकांना भेटायला जात. आळंदीच्या यात्रेला सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन बायकांच्या मदतीला जात, अगदी उतारवयापर्यंत. १९२४ साली त्या वारल्या. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. तिकीट छान आहे. पण रमाबाई आपल्याला कळतात त्या तुरुंगाच्या भेटींतून आणि यात्रेतल्या कामातून, आणि ते कळतं कारण कोणी तरी ते लिहून ठेवलं. स्वतः रमाबाईंनी १९१० साली आठवणींचं पुस्तक लिहिलं ते मुख्यतः पतीविषयी.

नेत्रदानाच्या ताईंचं पान वेगळ्या कारणानं महत्त्वाचं आहे. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदानाचा पंधरवडा. ताई दर वर्षी या पंधरवड्यात अर्ज भरून घ्यायच्या, आणि दर वेळी सांगायच्या की अर्ज भरून नेत्रदान होत नाही, ते घरच्यांच्या एका फोननं होतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. पथक घरी येतं, काम पंधरा-वीस मिनिटांत होतं, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, मधुमेह असला तरी चालतं. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्यावरचा पंखा बंद करायचा, डोकं उशीनं थोडं उंच करायचं. रडारडीत हे कोणाला सुचत नाही म्हणून घरातल्या एका माणसाला आधीच नेमून ठेवा, असा त्यांचा आग्रह. स्वतःच्या घरात त्यांनी धाकट्या सुनेला नेमलं होतं.

ताई पहाटे गेल्या. सुनेनं आधी पंखा बंद केला आणि मग सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. मोठ्या दिरांना हे पटलेलं नव्हतं, तेवढ्यात कोणी तरी गुरुजींना बोलवा म्हणत होतं. पण पथक आलं आणि काम झालं. दृष्टी कोणाला मिळाली हे घरच्यांना सांगत नाहीत, तसा नियमच आहे. दुसऱ्या दिवशी क्लबच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली. नेत्रदान झालं ही गोष्ट त्या रांगेत कोणालाच माहीत नव्हती. सुनेनं ती सांगितली वहीसाठी, कितीतरी काळानं. ती तेव्हाच सगळ्यांना कळली असती तर त्या वर्षी आणखी काही घरांनी फोन केला असता, असं सेक्रेटरीबाईंना वाटतं, आणि त्यांचं वाटणं खरं असावं. म्हणून आता क्लबनं नियम केला आहे: सभासद गेली की शोकसंदेशात तिच्या कामाची एक ओळ असलीच पाहिजे, आणि घरच्यांची परवानगी असेल तर नेत्रदानाचीही.

मग प्रश्न आला पैशांचा. घरचे लोक ‘आईच्या स्मरणार्थ’ काही रक्कम क्लबला देतात. आजवर त्यातून पाण्याचा कूलर, बाकडी, शाळेचं घड्याळ अशा वस्तू आल्या. वस्तूवर नावाची पाटी. कूलर बंद पडतो, पाटी राहते. मग झोंटाची गोष्ट वाचनात आली. झोंटा ही बायकांची आणखी एक जागतिक सेवासंस्था, १९१९ साली अमेरिकेत स्थापन झालेली. अटलांटिक महासागरावरून एकटीनं विमान नेणारी पहिली स्त्री अमिलिया इअरहार्ट या संस्थेची सभासद होती. जुलै १९३७ मध्ये जगप्रदक्षिणा करताना प्रशांत महासागरावर तिचं विमान नाहीसं झालं. झोंटानं १९३८ साली तिच्या नावानं शिष्यवृत्ती सुरू केली, विमान आणि अंतराळविद्येत संशोधन करणाऱ्या मुलींसाठी. ती आजही दिली जाते. तिच्या आवडत्या कामातच तिचं नाव पुढे चालू आहे.

हे वाचल्यावर क्लबनं स्मरणार्थ आलेल्या रकमा एकत्र ठेवीत टाकायचं ठरवलं. व्याज थोडंच येतं. त्यातून एएनएम किंवा जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमांना प्रवेश घेतलेल्या, घरी पैशांची ओढाताण असलेल्या मुलीची पुस्तकं आणि परीक्षा फी भागते. मुलीकडून आभाराचं पत्र घेत नाहीत, स्टेजवर बोलवत नाहीत. तिला वहीतल्या एका पानाची प्रत देतात, बस. ऊसतोडीच्या फडावरच्या कोपीतून शिकायला आलेल्या एका मुलीला पोलिओच्या बाईंचं पान मिळालं. तिला लहानपणी डोस कोणी दिला हे तिला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. पण तिनं ते पान घरी आईला वाचून दाखवलं.

स्मरणिका निघाली. तिच्यात दिवंगत सभासदांच्या पानाऐवजी वहीतले उतारे छापले. काही जणींना ते लांबलचक वाटले, फोटो कमी पडले अशीही तक्रार झाली. पण नव्यानं आलेल्या तिशीतल्या सभासदांनी वाचून पहिल्यांदाच विचारलं, की कोप्यांवर आता कोण जातं? पोलिओचे डोस अजून चालूच आहेत, आणि गोवर-रुबेलाची लस चुकलेली पोरं त्याच कोप्यांत असतात. या हंगामात त्यातल्या तिघी आरोग्य केंद्राशी बोलून संध्याकाळच्या फेरीला जाऊ लागल्या आहेत. मुकादमांची नावं काढायची युक्ती त्यांनी वहीतून घेतली.

वही अजून पुरी झालेली नाही. काही पानांवर नुसतं आडनाव आहे. एका फोटोत मागच्या रांगेत डावीकडून दुसऱ्या उभ्या असलेल्या बाई कोण, हे आजवर कोणी ओळखलेलं नाही. वहीची एक प्रत स्कॅन करून ठेवली आहे, दुसरी नगरवाचनालयात दिली आहे. हयात असलेल्या सभासदांसाठीही आता कोरी पानं लावली आहेत आणि पंचाहत्तरी पार केलेल्या प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं आपलं पान लिहावं असा आग्रह धरला आहे. ‘आम्ही काय केलं लिहिण्यासारखं’ असं बहुतेकींचं पहिलं उत्तर असतं. सेक्रेटरीबाई पेन हातात देऊन समोर बसून राहतात.

तुमच्याकडेही असं काही असेल. आई किंवा सासू महिला मंडळात, भगिनी समाजात, बचत गटात, भजनी मंडळात असेल, नाहीतर पूर-भूकंपात पोळ्या लाटायला गेलेली असेल. हयात असेल तर या आठवड्यात तिला विचारा, तिचं माहेरचं नाव काय, तिनं कोणतं काम केलं, कोणाबरोबर आणि कसं. ती सांगेल ते तारीख घालून लिहा. ती गेलेली असेल तर तिच्या ट्रंकेत पावत्या, बुलेटिनं, ओळी आखलेल्या वह्या, मागे काही खरडलेले फोटो असतील. ते रद्दीत घालण्याआधी तिच्या मंडळातल्या एखाद्या जुन्या बाईंना दाखवा, आणि गावच्या वाचनालयात ते ठेवून घेतील का, हे विचारा.